साडूच्या लाँड्रीतले एकतीस दोष

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (परवा दुकानाचं शटर उचलताना कंबरेत उसण भरली आहे, तेव्हा तूर्त उभ्यानेच केला आहे, उरलेला भेटीत पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. चढलीसच तर उतरताना कठडा धर, कारण तू पडलीस की आम्ही तुला बघायला येतो आणि तू लंगडत उठून आम्हालाच चहा पाजतेस. भाऊजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे माझं दुकान बंद पडायच्या बेतात आहे, जागामालकाने महिनाअखेर जागा मागितली आहे आणि गेले आठ दिवस मी बायकोशी कामापुरतंच बोलतो आहे. पण ते सगळं सावकाश लिहीन. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

गेल्या पत्रात तू विचारलंस, साडूंची लाँड्री कशी चालते? चार शब्द. बावीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतो आहे, त्या दुकानाविषयी अर्धा शब्द नाही. असो. माझ्या पोटात दुखतं असं तुला कुणी कळवलं असेल (कळवणारी कोण ते मला ठाऊक आहे, ती आत्ता स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच जोरात ठेवते आहे), तर ते खोटं आहे. मला साडूचा हेवा मुळीच वाटत नाही. फक्त त्याच्या दाराची घंटा वाजली की माझ्या हातातला चिमटा निसटतो, आणि त्याची घंटा दिवसभर वाजतच असते.

एक तर हे स्थळ तू आणलंस. माझ्या मेहुणीसाठी आम्ही सगळे शोधत होतो, आणि तू लिहिलंस की मुलगा हसतमुख आहे. लग्नाला अकरा वर्षं झाली, तो अजून हसतोच आहे. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा त्याचा कारखाना बंद पडला तेव्हाही हसत घरी आला. मी समजूत घालायला गेलो होतो. घरून निघताना धीराची चार वाक्यं पाठ केली होती, तीही बरी जमली होती. तर हा म्हणतो, दादा, आम्ही दोघं मिळून लाँड्री काढतोय, तुमच्या दुकानाच्या समोरचीच जागा मिळाली. माझी चारही वाक्यं फुकट गेली. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नाही तो गावाचे कपडे धुणार म्हटल्यावर मी मनात म्हटलं, तीन महिने. त्यानंतर पुन्हा धीर द्यायला जावं लागेल, तेव्हा ती वाक्यं मी विसरणार नव्हतो.

उद्घाटनाला काहीतरी द्यायला हवं होतं. माझ्याकडे लंबकाचं एक मोठं भिंतीवरचं घड्याळ नऊ वर्षं पडून होतं. गिऱ्हाईक टाकून गेलं ते परत आलंच नाही. तुला माझी पद्धत माहीत आहे. दुरुस्त केलेलं घड्याळ आठ दिवस माझ्या भिंतीवर टांगून, रोज सकाळी वेळ ताडून पाहिल्याशिवाय मी ते कुणाच्या हातात देत नाही. गिऱ्हाईक घाईचं असो की ओळखीचं, आठ दिवस म्हणजे आठ दिवस. या पद्धतीमुळेच माझं नाव आहे (आणि या पद्धतीमुळेच गिऱ्हाईक नाही, असं बायको म्हणते). पण हे घड्याळ पडलं आहेराचं, आणि लाँड्री पडली तीन महिन्यांची. मी ते पुसलं, तेल घातलं, लंबक हलतो आहे एवढं पाहिलं आणि कागदात गुंडाळून दिलं. साडूने ते काउंटरच्या समोर, सगळ्यांना दिसेल असं लावलं. आणि जमलेल्या चाळीस माणसांसमोर माझा हात धरून म्हणाला, "दादा, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या धंद्यात काय काय कमी आहे ते मोकळेपणी सांगत जा."

आता ताई, तूच सांग. असं कुणी कुणाला म्हणतं का? म्हटलंच तर ते ऐकून सोडून द्यायचं असतं. पण दोष काढणं हा माझा धंदा आहे. बावीस वर्षं डोळ्याला भिंग लावून मी दुसरं काय केलं? दुसऱ्याच दिवशी मी शंभर पानी वही आणली, समासाची रेघ मारली आणि दुपारी त्याच्या बाकावर जाऊन बसलो. (दुपारी माझ्या दुकानात तसंही कुणी येत नाही. सकाळी आणि संध्याकाळीही येत नाही, पण दुपारी येत नाही हे जास्त जाणवतं.) पहिल्या दिवशी भिंग डोळ्याला तसंच राहिलं होतं, त्यामुळे दोन बायका कपडे न देताच निघून गेल्या. तो दोष मी वहीत धरला नाही, कारण तो माझ्याकडचा होता.

पहिल्या आठवड्यात सात दोष निघाले. फार सुखाचे दिवस होते ते. दोष क्रमांक एक, काउंटर छातीइतका उंच, बुटक्या माणसाला गाठोडं डोक्यावरून फेकावं लागतं. दोष क्रमांक चार, कपड्याला नंबराची कागदी चिठ्ठी टाचणीने लावतात, ती कपड्याबरोबर धुतली जाते आणि खिशातून लगदा निघतो. मी हे तोंडावर गंभीर भाव आणून, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं. माझी अपेक्षा अशी की माणसाला राग येईल, दोन शब्द बोलेल, मग मीही दोन बोलीन आणि प्रकरण संपेल. साडूने वहीतलं पान उतरवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सुतार येऊन काउंटर वीतभर कापून गेला. कागदी चिठ्ठ्या जाऊन कापडी पट्ट्या आल्या, पक्क्या शाईने नंबर घातलेल्या, प्रत्येक कपड्याच्या आतून दोन टाक्यांनी शिवलेल्या. हे टाके घालायला हात हलका लागतो. आमच्या घरात हलका हात कुणाचा आहे ते तुला माहीत आहे. तेव्हापासून तुझी वहिनी रोज जेवणं आटोपली की सुईदोरा घेऊन तिकडे जाते. म्हणजे दोष क्रमांक चार मी काढला आणि बायको घालवून बसलो.

आणि गेली ती गेली, संध्याकाळी परत येते ती हसत येते. त्या घराला हसण्याची साथच आहे. येते आणि सांगते, आज आमच्याकडे फार गर्दी होती. 'आमच्याकडे' म्हणजे लाँड्रीत. बावीस वर्षांत माझ्या दुकानाला ती कधी 'आमच्याकडे' म्हणाली नाही; 'तुमच्या त्या तिथे' म्हणते. ऐकून अंगाचा तिळपापड झाला. लगेच वहीत लिहिलं: दोष क्रमांक आठ, कामाच्या ठिकाणी गप्पा. आणि त्याच तारेत नववाही लिहिला, की इस्त्रीवाला आणि धुणारी बाई वेळ बघण्याच्या निमित्ताने सारखे मोबाईल उघडतात. साडूने आठव्याकडे दुर्लक्ष केलं (म्हणाला, दादा, गप्पा मारल्या की हात भराभर चालतो) आणि नववा लगेच मानला. कामाला लागताना सगळ्यांचे मोबाईल खणात जाऊ लागले. वेळ बघायला भिंतीवर दादांचं घड्याळ आहे ना, म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे. माझ्या लक्षात राहिलं नाही.

मधे एक दिवस फार आनंदाचा आला. शाळेच्या हेडमास्तरांची पँट बसच्या ड्रायव्हरला गेली आणि ड्रायव्हरची हेडमास्तरांना. दोघेही काउंटरवर आले तेव्हा मी बाकावर होतो, आणि देवाशपथ सांगतो, मी पायही हलवला नाही, एक शब्द चुकू नये म्हणून. भांडण रंगणार इतक्यात माझीच जीभ वळवळली. पावत्यांची दोन पुस्तकं, दोन्ही एक नंबरापासून सुरू, मग दुसरं काय होणार? हे मी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशी सकाळचं पुस्तक पिवळं झालं आणि संध्याकाळचं निळं. आणि ते दोघे? पँटी बदलताना त्यांची ओळख झाली. आता दोघं मिळून दर शनिवारी येतात, कपडे टाकतात आणि अर्धा तास बाकावर गप्पा मारतात. माझ्या जागेवर.

सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. साडू प्रत्येक सुधारणेखाली एक चिठ्ठी लावतो: 'ही सूचना दादांची.' काउंटरवर एक, पट्ट्यांच्या डब्यावर एक, दाराजवळच्या नव्या दिव्याखाली एक. (अंधारात डाग दिसत नाहीत, दोष क्रमांक सतरा.) रस्त्यात लोक मला थांबवून सांगतात, साडूंचं छान चाललंय हो, तुमच्यामुळेच. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी उंदरासारखं कुरतडायला बसलो होतो आणि लोक म्हणतात, काय नक्षी काढलीय. मधे एकदा माझ्या दुकानात तीन दिवसांनी एक माणूस आला. मी खुर्चीवरून उठलो, रेडिओ बंद केला, टेबलावरची धूळ बाहीने पुसली. त्याने विचारलं, लाँड्री याच बाजूला आहे का?

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. ताई, तुझ्यापासून काय लपवायचं, मला जळायला होतं. बावीस वर्षं मी मान मोडून जे केलं ते कुणाला नको झालं आहे, आणि याने सात महिन्यांत दुसऱ्याचे मळके कपडे धुऊन गाव आपलंसं केलं. तो वाईट असता तरी बरं झालं असतं. शेजारच्या मोबाईलवाल्याला मोठं दुकान हवं आहे म्हणून जागामालकाने मला नोटीस दिली, ती मी कुणाला दाखवलीही नव्हती. माझ्या खणात, घड्याळांच्या तुटक्या पट्ट्यांच्या खाली ठेवली होती.

आणि अशा वेळी हाती लागला दोष क्रमांक एकतीस. मेहुणीला ताप आला आणि ती चार दिवस लाँड्रीत आली नाही. त्याच आठवड्यात कपडे मिळायला उशीर होऊ लागला. संध्याकाळी सहाला तयार म्हणजे सहाला तयार, ही साडूची बोली होती. त्यावरच लोक येत, कारण सव्वासहाची बस सुटते. सोमवारी पाच मिनिटं उशीर. मंगळवारी दहा. बुधवारी पंधरा, आणि बस गेली. गुरुवारी वीस. मी माझ्या मनगटावरच्या घड्याळात बघून, अगदी सेकंदासकट, वहीत मांडत होतो. इस्त्रीवाला आळसावला, असं मी लिहिलं. यंत्राची वाफ कमी झाली, असंही लिहिलं. मालक फार हसतो म्हणून माणसं डोक्यावर बसली, हे तर दोन रेघांनी अधोरेखित केलं. ताई, रोज बरोबर पाच मिनिटांनी वाढणारी चूक म्हणजे काय, हे आमच्या धंद्यात शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी कळतं. मी बावीस वर्षांचा कारागीर, समोर आकडे मांडून बसलो होतो आणि मला फक्त आनंद होत होता.

गुरुवारी बस चुकलेली सात-आठ माणसं काउंटरपाशी उभी असताना मी उठलो आणि दोष क्रमांक एकतीस वाचला. सोमवार पाच, मंगळवार दहा, बुधवार पंधरा, गुरुवार वीस. शेवटी शिस्तीविषयी चार वाक्यं बोललो. (तीच धीराची चार वाक्यं, थोडी उलटी करून.) मला वाटलं होतं गलका होईल. उलट धुणारी बाई जमिनीकडे बघू लागली. इस्त्रीवाल्याने मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि पटकन खाली घातली. शेवटी तुझ्या वहिनीने दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "अहो, घड्याळ मागे पडतंय. तुम्ही दिलेलं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ते घड्याळ पहिल्या दिवसापासून रोज पाच मिनिटं मागे पडतं. मेहुणी सात महिने रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, स्टुलावर चढून, काटा पाच मिनिटं पुढे करत होती. ती तापाने पडली, दुसऱ्या कुणीतरी काटा सरकवला असेल असं प्रत्येकाने धरलं आणि घड्याळाला विचारणारं कुणी उरलं नाही. मोबाईल तर माझ्याच सांगण्यावरून खणात. साडूने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की दादांच्या कानावर जाता कामा नये. म्हणजे सात महिने मी त्या घड्याळाखाली बसून दोष काढत होतो आणि ते सगळे तिथे उभं राहून माझा झाकत होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी भिंग लावून पाहिलं, आणि माझं मुसळ भिंतीवर टांगलेलं होतं, टोले देत. मी म्हटलं, वाफेच्या उष्णतेने लोखंडाची दांडी लांबते, त्यामुळे होतं असं. (उष्णतेने दिवसाला दहा-बारा सेकंद मागे पडेल, पाच मिनिटं नाही. हे मला ठाऊक आहे, त्यांना नाही.) खरं कारण एवढंच की लंबकाखालचा नट दोन आटे वर फिरवायचा राहिला होता. आठ दिवस टांगलं असतं तर दुसऱ्याच सकाळी कळलं असतं.

साडूला तेव्हा तरी रागवायला हरकत नव्हती. तो हसलाही नाही, हे मात्र मी मान्य करतो. म्हणाला, "दादा, घड्याळ उत्तम आहे. जरा सावकाश चालतं, एवढंच." आणि मग सगळ्यांसमोर पुढचं बोलला, की खिडकीजवळचा कोपरा मोकळाच आहे, तुमचं टेबल इकडे आणा, लोक कपड्यांसाठी थांबतात तेवढ्यात घड्याळं देतील, पाटीवर तुमचंही नाव घालू. म्हणजे त्याला नोटिशीचं कळलं होतं. माझ्या खणातल्या पट्ट्या कोण आवरतं ते तुला सांगायला नको. ताई, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. मला कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही, असं मी म्हणालो, आणि चांगलं मोठ्याने म्हणालो. ताठ मानेने बाहेर पडलो, आणि वही बाकावरच विसरलो. त्याला आज आठ दिवस झाले. मी लाँड्रीत पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. माझा निर्णय पक्का आहे. महिनाअखेर दुकानाचं शटर ओढीन, घरी बसेन, आणि घरातली दोन घड्याळं आळीपाळीने उघडून पुन्हा लावीन. सुखात जाईल दिवस.

भाऊजींना नमस्कार, मुलांना ज्याच्या त्याच्या गुणांप्रमाणे आशीर्वाद. उत्तराची घाई नाही, तरी उलट टपाली लिही.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. आज्ञाधारक हा शब्द मी उगाच घातलेला नाही. तू साडूला एक स्वतंत्र पत्र लिही. त्यात असं घाल, की थोरली बहीण या नात्याने तू मला त्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसायचा हुकूम केला आहेस, आणि मी फार आढेवेढे घेतले तरी तू ऐकत नाहीस. मग मी नाइलाजाने जाईन. तुझा शब्द मी आजवर मोडलेला नाही (लहानपणीचे धरू नकोस). पत्र पंचवीस तारखेच्या आत पोचलं पाहिजे. मी तुला हे लिहिलं आहे असं त्यात कुठे येऊ देऊ नकोस.

ता. क. दुसरा. टेबल खिडकीला लावताना उजेड डावीकडून यायला हवा, हेही घाल. जागा साडेतीन फूट बाय दोन, टेबल बरोबर बसतं. हे माप मी कुणाचं लक्ष नसताना घेतलं होतं. कधी घेतलं ते विचारू नकोस. दोष क्रमांक बारा आणि तेराच्या मधे कधीतरी.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार इतक्यात तुझ्या वहिनीने माझी वही आणून पुढ्यात ठेवली. एकतिसाव्या दोषाच्या खाली साडूच्या अक्षरात लिहिलं आहे: 'दोष क्रमांक बत्तीस. दादा आठ दिवस आले नाहीत. घड्याळाला कुणी हात लावलेला नाही, ते एक तास मागे आहे. उपाय सुचवावा.' अक्षर इतकं सुरेख आहे की बघून पुन्हा जळलो. तू साडूला पत्र लिहूच नकोस. नट फिरवायला पाचच मिनिटं लागतात, तेवढं करून येतो.